वन्सं, तुमचा गंधार

वन्सं, काल तुमची व्हायोलिनची पेटी उघडली आणि पहिल्यांदा आला तो रागच. गज सैल केलेला नव्हता. नऊ वर्षं मी एकच गोष्ट सांगत आले, की वाजवून झालं की गजाचा स्क्रू दोन फेरे उलटा फिरवायचा, त्याचे केस मोकळे सोडायचे आणि मगच पेटी बंद करायची. नऊ वर्षं तुम्ही 'व्हय गो' म्हणालात आणि नऊ वर्षं गज ताणलेलाच ठेवलात. काठी आता एका बाजूला कलली आहे. तारांवर राळेची ताजी पूड होती. म्हणजे डॉक्टरांनी खाटेवरून पाय खाली टाकू नका असं बजावलेलं असताना, मी शाळेत गेल्यावर तुम्ही उठलात, वाजवलंत, पेटी जागेवर ठेवलीत, आणि मी परत आले तेव्हा पांघरूण घेऊन शहाण्यासारख्या पडून होतात. मी कपाळाला हात लावून ताप पाहिला, तुम्ही डोळे मिटून घेतलेत. दुसऱ्या दिवशी गेलात.

पेटी उघडून रडायचं असतं. मी मात्र रिकाम्या घरात मोठ्याने तुम्हाला बोलत बसले होते.

भेटायला माणसं येतात. तुमच्याबद्दल सगळी चांगलं बोलतात. आका फार सोशिक होती, असं प्रत्येक बाई म्हणते. मी मान हलवते. सोशिक असणाऱ्या बाईला दोन महिने मोकळ्या तारा वाजवायला सांगितलं तर ती तिसऱ्या दिवशी 'दोन महिने नुसतां घासूचां?' असं विचारत नाही. पण ते त्यांना कुठे माहीत? तुम्हाला शिकवायला त्यांच्यापैकी कोणी बसलं नव्हतं.

लग्न होऊन मी सावंतवाडीहून मालवणात आले तेव्हा सामानात व्हायोलिन होतं. वडिलांनी दिलेलं. त्यांच्याकडे चार मुलं शिकायला येत, त्यांच्यात बसून मी शिकले. इथे आल्यावर घरात आपण दोघीच. हे मुंबईला नोकरीत, मे महिन्यात आणि चवथीला घरी. तुम्ही यांच्याहून चौदा वर्षांनी मोठ्या, विशी गाठायच्या आत विधवा होऊन माहेरी परतलेल्या, सगळ्या वाडीच्या आका. स्वयंपाकघर तुमचं, विहीर तुमची, पोफळी तुमच्या. माझी म्हणून फक्त शाळेतली नोकरी होती आणि खुंटीवरची ती पेटी. पहिल्याच आठवड्यात मी वाजवायला बसले, तर तुम्ही शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात की मांजर अडकलंय कुठेतरी. त्यानंतर तुम्ही शेतावर गेलात की मगच मी पेटी काढायची.

आणि सात वर्षांनी एका सकाळी, मी शाळेचे कपडे इस्त्री करत असताना, तुम्ही खुंटीवरची पेटी काढून माझ्यासमोर ठेवलीत.

"माका ह्यां शिकव."

मला वाटलं थट्टा आहे. मी विचारलं, आता, या वयात, कशाला? संध्याकाळी तांदूळ निवडताना, माझ्याकडे न बघता म्हणालात, "गावचां नाय म्हणतत. वाजवचां नाय म्हणान कोणी सांगूक नाय अजून."

तेव्हा मला कळलं. चवथीला बायका फुगड्यांना जमायच्या तेव्हा तुम्ही मागच्या दाराशी, चुलीजवळ बसायच्या. लहानपणी वाडीत तुमच्याइतकी फुगडीची गाणी कोणाला येत नव्हती, हे मला शेजारच्या परबांच्या म्हातारीनेच सांगितलं होतं. पण विधवेने त्या रिंगणात गायचं नाही. गाणं तुमचं उरलं होतं ते फक्त पहाटे जात्यावर. बायकांनी व्हायोलिनबद्दल काही नियम केलेला नव्हता, कारण आपल्या वाडीत फुगडीला व्हायोलिन नेईल असं कोणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

म्हणून मी शिकवायला बसले. इतकं मोठं कारण असताना तुम्ही नीट शिकाल असं मला वाटलं, ही माझी चूक.

नवशिक्याला सांगायच्या गोष्टी फार नसतात. वडिलांनी मला ज्या सांगितल्या त्याच मी तुम्हाला सांगितल्या. मांडी घालून बसायचं, उजवा पाय थोडा पुढे, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवायचं, म्हणजे डावा हात मोकळा राहतो. तुम्ही एक गुडघा वर करून बसायच्या, विळीवर बसतात तशा. गज मुठीत धरायचा नाही. अर्धवट वाळलेला पापड चटईवरून उचलतो तसा, मोडणार नाही आणि पडणारही नाही असा धरायचा. तुम्ही तो उलथन्यासारखा धरलात. गज टोकापासून टोकापर्यंत सावकाश ओढायचा. तुम्ही मधल्या चार इंचांत संसार केलात. आधी सूर गुणगुणायचा, मग तो बोटाने शोधायचा. हे एक मात्र तुम्ही न सांगता करत होतात. रोज थोडं वाजवायचं, पण रोज. तुम्ही चार दिवस पेटीला हात लावायच्या नाहीत आणि पाचव्या दिवशी दुपारभर वाजवून बोटांना फोड आणायच्या. मग भाकरी थापता येत नाही म्हणून दोष व्हायोलिनला.

आणि बोटांकडे बघायचं नाही. हे मी किती वेळा सांगितलं असेल. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात, सुराची जागा कानाने शोधायची असते. तुम्ही माझ्या शाळेच्या पिशवीतला खडू घेऊन पट्टीवर रेघा मारल्यात. मी ओल्या फडक्याने पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. मी पुसल्या, तुम्ही मारल्यात. "बोटांक डोळे खंय आसत?" असं मलाच विचारलंत. मी म्हटलं, म्हणूनच कान दिलेत. हा वाद आपण वर्षभर घातला आणि तो कधीच संपला नाही. तुम्ही खडू चोरायच्या, मी फडकं भिजवायची.

मग गजाच्या केसांना घासायची ती राळ. पावसाळ्यात आगबोट बंद, गोव्याची हद्दही तेव्हा बंद, त्यामुळे तारा आणि राळ मे महिन्यातच मुंबईहून मागवून ठेवावी लागे. त्या वर्षी तुम्ही राळ अशी घासलीत की आषाढातच संपली. मी म्हटलं, नारळी पौर्णिमा होऊ दे, मग बघू. तुम्हाला धीर कुठला. होड्या बांधणाऱ्या मेस्तांकडे गेलात आणि होडीच्या फटींत भरायची राळ घेऊन आलात. तेलात कालवलेली. ती गजाला लावलीत. संध्याकाळी मी घरी आले तर गजाचे केस काळ्या दोरखंडासारखे चिकटलेले आणि तुम्ही शांतपणे मला विचारताय, की आवाज का येत नाही.

त्या रात्री मी जेवले नाही. वडिलांच्या हातचा गज होता तो. तुम्ही ताट झाकून ठेवलंत. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर घराला कडी. शेजारणीने सांगितलं, आका सकाळच्या एसटीने सावंतवाडीला गेली, छत्रीच्या कापडात काहीतरी लांबडं गुंडाळून. मालवणाबाहेर एकटीने तुम्ही कधी पाऊल टाकलं नव्हतं. भर पावसात, घाटीवळणांची ती वाट, तुम्हाला एसटीत उलट्या होतात हे मला माहीत. दोन दिवसांनी परत आलात, चेहरा पिवळा, आणि गज माझ्या हातात दिलात. खेळणी करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराने टांग्याच्या घोड्याचे केस लावून दिले होते. नीट लावले होते.

तुम्ही तिथे माझ्या वडिलांकडे उतरलात हे तुम्ही सांगितलं नाहीत. त्यांचं पत्र आलं तेव्हा कळलं. वडिलांनी तुम्हाला विचारलं होतं की आमची मुलगी कशी शिकवते. आणि तुम्ही त्यांच्या घरात, त्यांचा चहा पिऊन, सांगितलंत: शिकवता बरां, पण ऐकणा नाय.

ते पत्र वाचून मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. शिकवणाऱ्याने ऐकायचं, हे कुठलं शास्त्र?

खरा वाद गंधाराचा होता. बाकीचं सगळं मी सोडून दिलं असतं. तुम्ही एकच फुगडीचं गाणं बसवायला घेतलंत आणि त्यात गंधार प्रत्येक वेळी उतरलेला. पूर्ण कोमल नाही, शुद्धही नाही, मधेच कुठेतरी लटकणारा. मी शाळेची बाजाची पेटी दोन दिवस घरी आणली, पट्टी दाबून धरली आणि म्हटलं, हा ऐका, इथे यायला हवं. तुम्ही ऐकलंत. पेटीबरोबर म्हणूनही दाखवलंत, अगदी बरोबर. आणि व्हायोलिन हातात घेतल्यावर पुन्हा तिथेच, खाली.

"तुझ्या पेटयेत नसतलो तो सूर," तुम्ही म्हणालात. "गाण्यात आसा."

मी म्हटलं, बेसूर झालेलं झाकायला ही चांगली सबब आहे. असं बोलले मी तुम्हाला, वन्सं. तुम्ही गज खाली ठेवलात आणि गुरांना पाणी दाखवायला गेलात.

दोन वर्षं झाली आणि चवथ आली. तुम्ही म्हणालात, गौरीच्या दिवशी परबांकडे जाते वाजवायला. मी नको म्हटलं. अजून हात बसलेला नाही, गज घसरतो, सूर लागत नाही, चार माणसांत हसं होईल. आणखी तयारी होऊ दे. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत.

"मगे कधी वाजवू? मेल्यार?"

मी म्हटलं, जायचं तर जा, मी येणार नाही. आणि आले नाही. तिसऱ्या प्रहरी तुम्ही पेटी काखेत मारून अंगणातून निघालात. मागे वळून पाहिलं नाहीत. हे त्या वेळी घरी आले होते, ओटीवर पेपर वाचत बसले होते. त्यांनी मला विचारलं, की ताईला एकटीला पाठवलंस? मी म्हटलं, त्यांना कोणी अडवू शकलंय का?

पण मी घरात बसले नाही, वन्सं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. परबांच्या आणि आपल्या घरामागच्या परड्यांमध्ये जो दगडी गडगा आहे, त्याच्या आडोशाला, केळींमागे जाऊन मी उभी राहिले. तिथून माजघर दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

परबांची म्हातारी विचारत होती, "ह्यां काय हाडलंस गो?" तुम्ही म्हणालात, "मी गावचंय नाय. वाजवतलंय." मग म्हातारीने तुम्हाला दारात बसायला सांगितलं असावं, उंबऱ्याशी. आत नाही आणि बाहेरही नाही. तुम्ही तारा लावल्यात, त्याही अर्ध्याकच्च्या. एक पोरगी खुदकन हसली. आणि तुम्ही सुरू केलंत.

गज घसरत होता. मी सांगितलं होतं तसाच घसरत होता. पहिली ओळ अशी वाजली की मी केळीचं पान मुठीत घट्ट धरलं. दुसऱ्या ओळीला कोणीतरी ओळखलं. एक बाई गायला लागली, मग दुसरी, मग पाय आपटायला लागले आणि सगळं माजघर गायला लागलं. आणि वन्सं, त्या बायका त्या गंधाराशी आल्या तेव्हा सगळ्याजणी खाली आल्या. बाजाच्या पेटीत नाही तिथे. बरोबर तुमच्या खडूच्या रेघेवर. पंधरा-वीस बायका, म्हाताऱ्या आणि पोरी, एकीचाही सूर इकडेतिकडे नाही. तुमचा गज तिथे त्यांच्यात असा मिसळला की तो वेगळा ऐकू येईना. मी वर्षभर फडक्याने पुसत होते ती जागा ही होती.

तुम्ही ते एकच गाणं सात वेळा वाजवलंत, कारण तुम्हाला दुसरं येत नव्हतं. शेवटी म्हातारीने विचारलं, "दुसरां येता काय गो तुका?" तेव्हा सगळ्या हसल्या आणि तुम्हीही हसलात. तुम्हाला बायकांमध्ये बसून हसताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मी तुमच्या आधी घरी पळाले. तुम्ही आलात, पेटी खाली ठेवलीत, तोंड धुतलंत, आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिलात. मी ओळखायला हवं होतं की तुम्ही कशाची वाट बघताय. मी म्हटलं, "गज तारा सोडून घोडीवर चढत होता, इथपर्यंत ऐकू येत होतं." तुम्ही 'व्हय गो' म्हणालात आणि भाताचं आधण ठेवायला गेलात.

त्यानंतर दर वर्षी तुम्ही गेलात. चार गाणी येऊ लागली. दर वर्षी मी काहीतरी कारण काढून घरी राहिले आणि दर वर्षी केळींमागे उभी राहिले. आणि दर वर्षी, चवथ झाली की पुन्हा धडा घेताना म्हणत राहिले, वन्सं, गंधार उतरलाय. तुम्ही बरोबर आहात हे मला पुरतं ठाऊक झाल्यावरही. सात वर्षं.

का, ते आता सांगते. एक म्हणजे मी वडिलांकडून शिकलेली, शाळेत मास्तरीण, आणि तुम्ही उलथन्यासारखा गज धरणाऱ्या. तुम्ही मला काही शिकवलंत हे कबूल करायला जीभ वळेना. दुसरं त्याहून वाईट. त्या पहिल्या दिवशी तुमचा हात बसला नव्हता हे खरं, पण मी त्यासाठी मागे राहिले नव्हते. मला भीती वाटली होती. परबांनी तुम्हाला दारातून परत पाठवलं असतं तर मी तुमच्या शेजारी उभी असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बायकांच्या पोरींना मला शाळेत शिकवायचं होतं. ती भीती मी तयारी, रियाज, सूर असल्या शब्दांत गुंडाळून तुम्हाला दिली. तुम्हाला ते कळलं असणार. तुम्ही जन्मभर दारातच बसलेल्या. कोण कशाला आत येत नाही हे तुम्हाला कळणार नाही तर कोणाला?

तुम्ही एकदा तरी भांडायला हवं होतंत. राळेवरून, खडूवरून, मिठावरून भांडलात, यावरून कधी नाही. आता मी एकटीने दोन्ही बाजू कशा चालवायच्या?

आणि वर आणखी एक करून गेलात. परवा दुपारी दारात एक बाई उभी. पस्तिशीची असेल, कपाळ मोकळं, कट्टा गावाहून एसटीने आलेली, हातात काजूगरांची पुडी. तिने विचारलं, आका आहेत का? तिला कळलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती ओटीच्या पायरीवर बसली. मी पाणी आणून दिलं. मग हळूहळू तिच्याकडून कळलं, की परबांची सून तिची मावसबहीण, गेल्या चवथीला ती तिथे पाहुणी होती, मागच्या दाराशी बसली होती. तुम्ही वाजवून झाल्यावर तिच्याजवळ गेलात आणि तिला म्हणालात, ये, तुला शिकवते, आमच्याकडे व्हायोलिन आहे, पुढच्या चवथीपर्यंत एक गाणं बसतं.

मला न विचारता, वन्सं. माझं व्हायोलिन, आणि शिकवणार तुम्ही. एका वर्षात. उलथन्याच्या मुठीने.

मी तिला परत पाठवणार होते. घरात सुतक नुकतंच सरलेलं, शाळेच्या परीक्षा तोंडावर, कट्ट्याहून दर आठवड्याला येणं तिला जमणार आहे का, घरची माणसं काय म्हणतील, आणि वर्षात काही होत नसतं, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ती पुडी हातात धरून ऐकायची तयारी करून बसली होती. तिचं नाव सुमती.

मी तिला आत बोलावलं. चटई घातली. व्हायोलिन बाहेर काढलं नाही. तिला म्हटलं, तुला कुठलं गाणं वाजवायचंय ते आधी गाऊन दाखव.

तिने पदर सारखा केला. मागच्या दाराकडे बघितलं, माजघराकडे बघितलं, आणि अगदी हलक्या आवाजात मला विचारलं, "घरात कोण आसा?"

"कोण नाय," मी म्हटलं. "गा तू."